कारिओका मी तेलातच तळणार

माझ्या मुलीनं माझ्या शेगडीची चारही बटणं ओढून काढली, पेपर टॉवेलमध्ये गुंडाळली आणि पर्समध्ये टाकून वेस्ट विंडसरला तिच्या घरी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "बाबा, चहा मायक्रोवेव्हमध्ये करा." मायक्रोवेव्हमधल्या चहाला मी चहा म्हणत नाही. मी पक्कड काढली. बटणाच्या जागी जी बारीक दांडी राहते ती पकडून फिरवली आणि पातेलं चढवलं. असा पाच दिवस चहा केला.

पोरगी वाईट नाही. तिची बाजू आधी सांगून टाकतो. त्याआधीच्या शनिवारी माझ्या कढईत गोळा फुटला, तेल उडालं, शेगडीवर जाळ झाला. जाळ मी विझवला. कढईवर परात उपडी घातली, गॅस बंद केला, हात नळाखाली धरला. पण तोवर छतावरचा अलार्म बोंबलत होता आणि वरच्या मजल्यावरच्या विद्यार्थ्यांनी फोन लावला होता. अख्खा बंब आला. चार धिप्पाड माणसं बुटासकट माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि विझलेल्या आगीकडे बघत बसली. पोरीचा रोजचा फोन नेमका तेव्हाच आला आणि तो वरच्या मुलीनं उचलला. "ताई, काका ओके आहेत, पण फायर ट्रक आलाय," असं तिनं सांगितलं. यातलं "ओके आहेत" माझ्या पोरीला ऐकूच आलं नसणार.

ती आली, माझ्या हातावरचे फोड बघितले आणि ठरवून टाकलं. महिनाअखेरीस या आयसेलिनच्या भाड्याच्या घराचं लीज संपत होतं. ते रिन्यू करायचं नाही. तिच्या बेसमेंटमध्ये खोली तयार आहे, वेगळं बाथरूम, मोठा टीव्ही. शेगडी वरच्या मजल्यावर, गुळगुळीत काचेची. त्या घरात तळण होत नाही, सोफ्याला वास लागतो म्हणे. तिकडे गेलो की आयुष्यात पुन्हा कढई चढवायची नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. आणि मला ती चढवायचीच होती. एका पदार्थासाठी.

त्या पदार्थाला कारिओका म्हणतात. फिलिपिन्सचा आहे. चिकट तांदळाचं पीठ आणि खोबरं, त्याचे लिंबाएवढे गोळे, तेलात तळायचे, नारळाच्या दुधाच्या पाकात घोळायचे आणि बांबूच्या काडीला चार-चार टोचायचे. बाहेरून कुरकुरीत, आतून चिवट. दात अडकतात. कवळी असेल तर जपून.

आमच्या घरात तो आमच्या हिच्यामुळे आला. मी सातवी पास. हिच्या भावानं कागद केले म्हणून चाळिशी उलटल्यावर इकडे अमेरिकेत आलो, मी गोदामात खोकी भरायला लागलो. ही म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये मदतनीस झाली. तिथं अंथरुणावरचं माणूस एकटीनं उचलायचं नसतं. एक बाई खांद्याकडून, एक गुडघ्याकडून, दोघींनी मिळून एक-दोन-तीन म्हणायचं आणि उचलायचं. हिच्या जोडीला एक फिलिपिनो बाई होती, पिस्कॅटवेत राहणारी. अकरा वर्षं दोघींनी मिळून किती माणसं उचलली असतील कोण जाणे. जेवणाच्या सुट्टीत ती बाई डब्यातून कारिओकाच्या काड्या काढायची. आमची ही कोकणातली, खोबरं बघितल्यावर विचारल्याशिवाय राहते थोडीच. शिकली, आणि मग दर रविवारी घरात कारिओका.

मी नावं ठेवायचो. "आमच्याकडे असल्या गोळ्यांना फसलेले मोदक म्हणतात," असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो.

ती म्हणाली, "खाऊ नका तुम्ही. मला चार जास्त मिळतील."

खायचो मी. तिची पाठ वळली की काडीवरचा एक ओढायचो. चाराच्या काडीवर तीन उरले तर कुणालाही कळेल, तिला काय कळत नव्हतं? बोलली नाही कधी. मीही चांगला झालाय असं कधी म्हणालो नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. आता याचं काय करायचं?

दोन वर्षांपूर्वी तिला पोटाचा आजार निघाला. तेलकट, तुपकट, गोड सगळं बंद. काय खायचं काय नाही याचा एक कागद हॉस्पिटलनं दिला, पोरीनं तो फ्रिजवर चिकटवला. इंग्रजी कागद, पण चित्रं होती, मला समजायचा. मी तो कागद पाळला. आयुष्यात मी कुणाचं ऐकलं नाही एवढं त्या कागदाचं ऐकलं. पेज, मऊ भात, उकडलेलं गाजर. शेवटच्या महिन्यात एकदा ही म्हणाली, "आज रविवार ना? एक कारिओका आणा कुठून तरी." मी म्हणालो, "आधी बरी हो." तिनं मान फिरवली.

कसं कुणास ठाऊक, त्या फिलिपिनो बाईला कळलं. बहुतेक हिनंच फोन केला असेल. दोन दिवसांनी सकाळी ती बाई रात्रपाळी करून थेट आमच्या दारात उभी, हातात फॉइलनं झाकलेला ट्रे. खालून गरम होता, तिनं टॉवेलात धरला होता. मी दार अर्धंच उघडलं. म्हणालो, "शी कॅनॉट ईट. डॉक्टर सेड नो." ती म्हणाली, "जस्ट वन, कुया." त्यांच्यात थोरल्या भावाला कुया म्हणतात. मी म्हणालो, "नो." आणि दार लावलं.

त्यानंतर नवव्या दिवशी आमची ही गेली. पेज पिऊन गेली.

पुढे चौदा महिने मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. टीव्ही बघितला. मराठी मंडळातली माणसं येऊन "काका, मन रमवा" म्हणायची. एकानं मला सुडोकूचं पुस्तक आणून दिलं. मग एका शनिवारी कपाट उघडलं तर मागे तिचं चिकट पिठाचं पाकीट, अर्धं, वर कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. मी म्हटलं, करतो. तिला नाही मिळाले तर नाही, पण या घरात रविवारी ते होतील, मी करीन. यात कुणाला विचारायचं काय आहे?

रविवारची वाट बघायलाही थांबलो नाही, लगेच लागलो. आता माझी अक्कल ऐका. कोकणात वाढलेल्या माणसाला तांदळाचं पीठ दाखवलं तर तो एकच गोष्ट करतो, उकड काढतो. मी पाण्याला उकळी आणली, पीठ ओतलं, घोटलं. ते नेहमीसारखं मऊ होईना, डिंक झाला. हाताला तेल लावून लावून मळलं. मग खोबरं आणि गूळ शिजवून सारण केलं, कारण खोबरं आत असतं हे मला आईच्या पोटातून माहीत. पारी केली, सारण भरलं, तोंडं घट्ट मिटवली. इतकी घट्ट की कुठे फट नाही. स्वतःवर खूश झालो. तेल चांगलं कडकडीत तापवलं आणि पाच गोळे सोडले. मिनिटभर काही नाही. मग पहिला फुटला. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. पुढचं सांगितलंच.

बटणं नेल्यानंतर चार दिवसांनी पोरीनं घरी एअर फ्रायर पाठवला. मग फोन.

"बाबा, मिळाला ना? त्यात काहीही फ्राय करा. तेलच लागत नाही. हवेत होतं सगळं."

"हवेत काय तळतात? मी खोक्यात ठेवलाय. परत ने."

"बाबा, प्लीज. यू कुड हॅव डाइड. तुम्हाला समजतंय का?"

"समजतंय. सत्तर उलटली माझी. कधीतरी मरेनच."

"असं बोलू नका ना. मी संडेला पॅकिंगला येते. बॉक्सेस आणते."

"बॉक्स भरण्यात माझं आयुष्य गेलं. मला भरायचे असतील तर मी भरीन. मला भरायचे नाहीत."

तिनं फोन ठेवला. मी हिच्या जुन्या डायरीतून त्या फिलिपिनो बाईचा नंबर काढला. नऊ वेळा बघितला असेल, मग लावला. आम्ही दोघं मोडक्या इंग्रजीत बोलतो, मी इथं मराठीत लिहितो.

"हॅलो. मी तिचा नवरा बोलतोय."

मग ती म्हणाली, "कुया. तुम्ही मला दारातून परत पाठवलं होतं."

"हो."

"माझा ट्रे गरम होता."

"हो. आठवतंय. चूक झाली."

"मी खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून सगळे खाल्ले. बाराच्या बारा. रडत रडत खाल्ले. मग दोन दिवस पोट दुखलं."

"बरं झालं," मी म्हणालो. वाया गेले नाहीत ते बरं झालं, असं मला म्हणायचं होतं. इंग्रजीत माझ्या तोंडून एवढंच बाहेर पडतं.

मग ती हसायला लागली. हिनं तिला माझ्याबद्दल काय काय सांगून ठेवलं असेल देव जाणे, पण ती हसली. "काय पाहिजे कुया?"

"कारिओका शिकव. मी केले ते फुटले."

"पीठ कशात भिजवलं?"

"उकळत्या पाण्यात."

"का?"

"आमच्यात असंच करतात."

"आणि खोबरं?"

"आत भरलं. वरून घट्ट बंद केलं."

"कुया, तुम्ही गोड केलंच नाहीत. बॉम्ब केलात."

शुक्रवारी सकाळी ती तिच्या जुन्या व्हॅननं आली. नव्या पिठाची दोन पाकिटं, नारळ, काड्यांचा जुडगा. आत आल्यावर हिच्या फोटोसमोर उभी राहिली, मग बाह्या सरसावून शेगडीकडे वळली आणि बघते तर बटणं नाहीत. मी पक्कड पुढे केली.

"हे काय?"

"याच्यानं चालू होतो. मला जमतं."

तिनं पक्कड माझ्या हातातून काढून घेतली. "नर्सिंग होममध्ये असं करणाऱ्या पेशंटच्या पलंगाला आम्ही कठडा लावतो," ती म्हणाली. "मी पकडीवर तेल तापवणार नाही. मुलीला बोलवा."

"ती मला घेऊन जायला टपलीय."

"मग तिच्यासमोर करा. चोरून करताय म्हणून ती घाबरते." आणि माझ्या आधीच तिनं स्वतःच्या फोनवरून पोरीला लावला. पोरगी तिला आंटी म्हणते. दोघी काय बोलल्या मला कळलं नाही, भरभर बोलत होत्या. शेवटी ती मला म्हणाली, "रविवार. मी पण येते. तोपर्यंत ब्रेड खा."

रविवारी बाई आली, मागोमाग पोरगी आली. पॅकिंगचे खोके आणले होतेच, ते घडी करून दाराशी ठेवले. एका हातात लाल रंगाचा आग विझवायचा सिलिंडर. तो जेवणाच्या टेबलावर पाहुण्यासारखा ठेवला. पर्समधून बटण काढलं. एकच आणलं होतं, पुढच्या डावीकडचं.

"बाकीची तीन?" मी विचारलं.

"वन इज इनफ, बाबा."

मी विळी घेऊन जमिनीवर बसलो आणि नारळ खोवला. त्या बाईला फार बरं वाटलं. तिच्या आईकडे अशीच पण लाकडी बैठक, तिला ते घोडा म्हणतात, तिच्यावर पाय टाकून बसायचं आणि खोवायचं. पोरगी उभ्या उभ्या बघत होती. तिनं मला स्वयंपाकघरात काही करताना आयुष्यात पहिल्यांदा बघितलं असावं.

पीठ परातीत घेतलं. मी सवयीनं पाणी उकळायला निघालो तर बाईनं मनगट धरलं. थंड नारळाचं दूध. थोडं थोडं. आणि खोबरं सगळंच्या सगळं पिठातच मिसळायचं, आत भरायचं नाही. गोळा नीट गुळगुळीत होत नाही, खोबऱ्याचा कीस बाहेर येतो. मी ते बोटानं दाबून सारखं करायला लागलो.

"नको," ती म्हणाली. "राहू द्या खरबरीत. वाफेला बाहेर पडायला वाट तिथूनच मिळते. तुम्ही घट्ट बंद केलं म्हणून फुटलं."

तेल कोमट असतानाच गोळे सोडायला लावले. माझा विश्वास बसेना. कोमट तेलात तळण सोडलेलं बघितलं असतं तर आईनं मला घराबाहेर काढलं असतं. गोळे तळाशी जाऊन बसले. काही होईना. पोरगी सिलिंडरजवळ सरकली. मग एक गोळा हळूच सुटला आणि वर आला. त्याच्यामागून दुसरा. झाऱ्यानं फिरवत राहिलो. फुटला नाही. एकही नाही.

पाकाला बाईनं ब्राऊन शुगर आणली नव्हती, गूळ आणला होता. मी विचारलं, "तुमच्यात गूळ?"

"आमच्यात साखर. गूळ तिनं शिकवला. आता माझ्या घरी पण गूळच."

हे मला ठाऊक नव्हतं. मी झाऱ्यानं पाक ढवळत राहिलो. वाफेनं डोळ्यात पाणी येतं.

चार-चार टोचून काड्या ताटात रचल्या. एक हिच्या फोटोपुढे ठेवली, बाकीच्या आम्ही तिघांनी खाल्ल्या. पोरीनं दोन काड्या संपवल्या, हनुवटीला पाक. मग टिशूनं तोंड पुसून म्हणाली, "ओके. नाही फुटले. खूप छान झालेत. बट यू आर स्टिल कमिंग विथ मी."

"नाही."

"बाबा, व्हाय इज दिस सो इम्पॉर्टंट? तुम्हाला खायचे असतील तर आंटी देतील, मी स्वतः आणून देईन दर वीकला."

मग मी तिला सांगितलं. आईनं मागितले होते ते. ट्रे घेऊन ही बाई आली होती ते. मी दार लावलं ते. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती एकदम त्या बाईकडे बघायला लागली आणि बाई ताटाकडे.

पोरगी म्हणाली, "तो डाएटचा पेपर फ्रिजवर मी लावला होता."

"तू लावलास, मी पाळला. डॉक्टरनं भल्यासाठीच दिला होता. कुणी चुकीचं वागलं नाही. आपण सगळे नीट वागलो आणि तुझी आई एका गोळ्यासाठी तोंड फिरवून गेली. तिला जपलं आपण. फार जपलं. आता तुम्ही मला जपायला निघालाय. मला नको आहे. मी भाजेन, पडेन, काय व्हायचं ते होईल, पण या घरात माझ्या हातानं तळीन आणि खाईन. तुझ्या बेसमेंटमध्ये मी शंभर वर्षं जगेन गं, पण काय करू जगून?"

"आणि मला कोणी सांगितलं की बाबा जळाले, तर?"

मी ताटातल्या रिकाम्या काड्या गोळा करायला लागलो. हो म्हणालो नाही.

ती रागातच गेली. खोके घेऊन गेली, म्हणजे ते निदान माझ्या दाराशी उरले नाहीत. सिलिंडर टेबलावरच राहिला. शेगडीवरचं बटण तिनं काढलं नाही. विसरली की ठेवलं, मी विचारलेलं नाही. बाई भांडी घासून गेली. मी नको म्हणत होतो, तर म्हणाली, "कुया, तुम्हाला भांडी घासता येत नाहीत हेही तिनं सांगितलंय."

सोमवारी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि चालत अपार्टमेंटच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईनं मला ओळखलं. "ती आग तुमच्याकडे लागली होती ना?" म्हणाली.

"स्मॉल," मी म्हणालो. "आय पुट आउट. नाऊ आय लर्न."

ती हसली नाही, पण कागद काढले. पोरगी बरोबर आहे का, तिच्याशी बोलायचंय का, असं विचारलं. मी म्हटलं, सही माझी लागते ना, मग मी आलोय. जिथं जिथं तिनं बोट ठेवलं तिथं तिथं मराठीत सही केली. अशी सही चालते, मी पूर्वीपासून करतो.

शेवटच्या कागदावर एक चौकोन होता. काही झालं तर फोन कुणाला करायचा, त्याचा. तिथं गेल्या लीजपासून हिचं नाव छापून येत होतं आणि शेजारी तिचा नंबर. तो नंबर आता कुणाकडे गेलाय देव जाणे.

"सेम?" बाईनं विचारलं.

"नो. चेंज."

तिनं मला पेन दिलं. मी हिच्या नावावर एक रेघ मारली. एकच मारली, खालचं वाचता येईल अशी. वर मुलीचं नाव लिहिलं आणि तिचा नंबर, तो मला पाठ आहे. नात्याच्या जागी काय लिहायचं त्याची अक्षरं त्या बाईनं सांगितली, मी एकेक करून काढली. पुन्हा कधी माझ्या स्वयंपाकघरात अलार्म वाजला तर पहिला फोन पोरीलाच जाणार. ती ऑफिसातून निघेल, गाडी वेड्यासारखी हाकेल, येऊन माझ्यावर ओरडेल. ओरडू दे. मी कागद ऑफिसातल्या बाईपुढे सरकवला आणि विचारलं, आणखी कुठे सही राहिलीय का.